गफूरचा महेश, नारबाचा मळा आणि रेडकू : साहित्यातले जनावर माणसासाठीच मरते का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

आमच्या वाचनमंडळात दर महिन्याला दोन कलाकृती शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत आहे. गेल्या महिन्यात शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'महेश' ही बंगाली कथा अनुवादातून आणि आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी असा जोड निवडला होता. दोन्हींत शेतकरी जीवन आहे, दोन्हींत जनावर केंद्रस्थानी आहे आणि दोन्हींत शेवटी गोठा रिकामा होतो, एवढ्या साम्यावर ही निवड झाली होती. चर्चा मात्र अशा ठिकाणी जाऊन अडली की तिथून मला अजून पुढे जाता आलेले नाही.

ज्यांनी 'महेश' वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गफूर हा गरीब मुसलमान, महेश हा त्याचा म्हातारा बैल आणि अमिना ही त्याची लहान मुलगी. दुष्काळात गावातल्या ब्राह्मणाकडे तो बैलापुरता पेंढा मागतो आणि नकार घेऊन परततो. मग स्वतःच्या झोपडीच्या छपराचा पेंढा उपसून बैलाला घालतो. गावाचे गायरान जमीनदाराने पैशांसाठी दुसऱ्याला लावून दिले आहे. शेवटी एका रणरणत्या दुपारी तहानलेला महेश अमिनाला धडक देऊन तिच्या घागरीतले सांडलेले पाणी पिऊ लागतो आणि रागाने आंधळा झालेला गफूर नांगराचा तुकडा त्याच्या डोक्यात घालतो. बैल मरतो. गफूर रात्रीच मुलीला घेऊन तागाच्या गिरणीची वाट धरतो आणि जाता जाता आकाशाकडे पाहून म्हणतो की मला हवी ती शिक्षा दे, पण ज्यांनी माझ्या महेशला तुझे गवत आणि तुझे पाणी मिळू दिले नाही त्यांना कधी क्षमा करू नकोस.

कथा वाचून झाल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. नंतर मंडळातल्या एका प्राध्यापिकाबाईंनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की या कथेत बैलाला दोनदा राबवले आहे. शेतकऱ्याने त्याच्याकडून नांगर ओढून घेतला आणि लेखकाने त्याच्याकडून कथा. महेश मरतो तो गफूरचे दारिद्र्य आणि जमीनदाराचा ढोंगीपणा आपल्याला दिसावा म्हणून; त्याच्या स्वतःच्या तहानेचा विचार आपण एक वाक्यभर करतो आणि लगेच गफूरकडे वळतो. 'गोतावळा'बद्दलही त्यांचे मत हेच होते, की तिथली जनावरे ही नारबा या मळ्यावरच्या गड्याच्या एकटेपणाची सजावट आहे.

हा आक्षेप मला पूर्ण पटलेला नाही, पण खोडूनही काढता आलेला नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारतो. माणूस जनावराशी कसा वागतो हे दाखवताना साहित्य खरोखर जनावराविषयी बोलत असते, की प्रत्येक वेळी ते माणसाविषयीच बोलत असते? आणि तसे असेल तर तो दोष मानावा का? मराठीतली उदाहरणे मिळाली तर अधिक बरे, पण बाहेरचीही चालतील.

---

औतकाठी

कृष्णाकाठ, आपल्या मंडळातील बाईंचा आक्षेप बुद्धीला पटतो, पण मी ज्या घरात वाढलो तिथे तो टिकला नसता. का, ते सांगतो.

माझे बालपण सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात गेले. घरी बैलांची एक जोडी आणि दोन म्हशी. वडील चिडले की बैलाच्या पुठ्ठ्यात पराणीची (हाकायच्या काठीची) आर टोचत, आणि ती टोचताना त्यांच्या तोंडी ज्या शिव्या असत त्याच आम्हा भावंडांनाही मिळत. तेच वडील बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप लावून तासभर चोळत बसत, कारण जू बसून बसून खांद्याला गाठ आलेली असे. मारणारा हात आणि चोळणारा हात एकच होता. शहरातून लिहिलेल्या पुष्कळ प्राणीकथांत हे दोन हात दोन माणसांना वाटून दिलेले असतात, एक दुष्ट आणि एक दयाळू, आणि तिथेच त्या कथा मला खोट्या वाटू लागतात. गफूरचे दोन्ही हात शरच्चंद्रांनी एकाच माणसाला ठेवले, म्हणून 'महेश' शंभर वर्षांनीही जुनी झालेली नाही.

आता 'गोतावळा'कडे येतो. बाईंनी तिथल्या जनावरांना सजावट म्हणावे याचे मला आश्चर्य वाटले. नारबा हा मळ्यावरचा गडी आहे. त्याला घर नाही, बायको नाही, आणि त्याची सारी नाती बैलांशी, म्हशींशी, कुत्र्यांशी, झाडांशी आहेत. कादंबरीचे नावच त्या नात्यांचे आहे. मालक ट्रॅक्टर आणतो आणि मळ्यातली जनावरे एकेक करून कमी होऊ लागतात. या कादंबरीत कोणी क्रूर नाही, हे मला तिचे सर्वांत मोठे सामर्थ्य वाटते. मालक खलनायक नव्हे. तो हिशेब करतो आहे: वैरण किती लागते, काम किती होते, ट्रॅक्टर किती तासांत किती रान नांगरतो. महेशवर घाव पडतो. नारबाच्या जनावरांवर घाव पडत नाही, ती फक्त हिशेबातून वजा होतात. यातले अधिक भीषण काय, हे मला आजही ठरवता येत नाही.

आणि नारबा स्वतःही त्याच हिशेबात आहे. आमच्याकडे गड्याचे साल पाडव्याला ठरत असे, किती पोती, किती रोख, वर्षाकाठी धोतरजोडी आणि वहाणा. बैलाचा सौदा बाजारात होई, तोही हेड्याच्या (जनावरांच्या दलालाच्या) रुमालाखाली बोटे दाबून. दोन्ही व्यवहार मी जवळून पाहिलेले आहेत आणि त्यांत फार अंतर नव्हते. म्हणून नारबा आणि बैल यांच्यात उपमेय-उपमानाचा संबंध नाही. ते दोघे एकाच दावणीला बांधलेले आहेत. दावणीवरच्या एका जिवाविषयी बोलताना शेजारचा जीव आपोआप हलतो, कारण दोर एकच आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त एका धनगराची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी औताला खांदा देते तो प्रसंग आठवून पाहा. तो प्रसंग बाईविषयी आहे की बैलाविषयी, असे विचारणे मला निरर्थक वाटते. एका बैलाचे ओझे केवढे असते हे तिथे प्रथमच कोणीतरी बोलू शकणाऱ्या खांद्याने मोजलेले आहे.

थोडे विषयांतर होईल, पण राहवत नाही म्हणून लिहितो. आमचा एक बैल थकला तेव्हा वडिलांनी तो बाजारात दिला. आमच्याकडे जनावर विकताना त्याचे दावे देत नसत, ते घरी परत आणत. वडील ते दावे खांद्यावर टाकून संध्याकाळी आले आणि गोठ्यात न जाता ते बाहेरच्या खुंटीला अडकवून न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी त्याच दाव्याने नवा खोंड बांधला.

---

रिद्धपूरचा वाटसरू

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु आधुनिक कथा-कादंबरीपाशी थांबण्याचे कारण नाही. मराठी गद्याच्या आरंभालाच या प्रश्नाचे एक उत्तर आहे. 'लीळाचरित्रा'त, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, शिकारी आणि कुत्री मागे लागलेला ससा धावत येऊन स्वामींच्या आश्रयाला शिरतो. शिकारी ससा मागतात आणि स्वामी तो देत नाहीत. मला या लीळेत आवडते ते हे की ससा कशाचेही प्रतीक नाही. तो कोणा भक्ताचा पूर्वजन्म नाही, कोणत्या विकाराचे रूपक नाही. तो घाबरलेला ससा आहे, आणि प्रश्न एवढाच आहे की शरण आलेल्या जिवाला परत द्यायचे की नाही. तेराव्या शतकात लिहिलेला हा प्रसंग आपल्या प्राध्यापिकाबाईंपुढे अवश्य ठेवावा.

याउलट पैठणच्या रेड्याची कथा पाहा. रेड्याने वेद म्हटले हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. परंतु त्याच परंपरेत असेही सांगितले जाते की त्या आधी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि त्याचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले. जनावराच्या अंगावरची वेदना माणसाच्या अंगावर उमटणे, यापेक्षा थेट प्रतिमा मला कोणत्याही साहित्यात आढळलेली नाही. तरीही लोकांनी लक्षात ठेवला तो चमत्कार, म्हणजे रेडा माणसासारखा बोलला तो क्षण. माणूस रेड्यासारखा दुखावला तो क्षण मागे पडला. तेव्हा दोष कथेचा की ऐकणाऱ्याचा, हेही तपासले पाहिजे.

---

तळटीप

चर्चेत 'बोलणारा रेडा' आलाच आहे, तर बोलणाऱ्या घोड्यांविषयी लिहितो, कारण कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाशी त्यांचा जवळचा संबंध आहे.

अ‍ॅना स्यूएल या इंग्रज लेखिकेची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी १८७७ साली प्रसिद्ध झाली. एका घोड्याने सांगितलेली ही आत्मकथा आहे. लेखिकेचा पाय लहान वयात दुखावला होता, त्यामुळे आयुष्यभर तिला घोडागाडीवर अवलंबून राहावे लागले. ज्याच्या पायांवर आपण चालतो त्याच्याविषयी तिने लिहिले, असे म्हणता येईल. हे पुस्तक आज मुलांचे म्हणून ओळखले जात असले तरी ते लिहिले होते घोड्यांची निगा राखणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. त्या काळी श्रीमंतांच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांची मान दिमाखदार दिसावी म्हणून तोंडापासून पाठीवरच्या साजापर्यंत एक आखूड वादी ताणून बांधत. त्यामुळे घोड्याला मान खाली घालता येत नसे, चढावर ओझे ओढताना अंगाचा भार पुढे टाकता येत नसे आणि श्वासही कोंडे. या वादीविरुद्ध इंग्लंडमध्ये जे लोकमत तयार झाले त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा मानला जातो. लेखिका मात्र पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच, १८७८ मध्ये, वारली. येथे जनावर कशाचेही रूपक नाही. मान दुखते म्हणजे मान दुखते. बाईंचा आक्षेप या पुस्तकाला लागू पडत नाही. पण कलाकृती म्हणून ते 'महेश'च्या जवळपासही पोहोचत नाही, हे माझे वैयक्तिक मत नोंदवतो, आणि यातच पुढचा पेच आहे असे मला वाटते.

टॉलस्टॉयची 'खोल्स्तोमेर' ही दीर्घकथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. तीही एका म्हाताऱ्या, खच्ची केलेल्या, चट्टेपट्टे असलेल्या घोड्याने रात्रींमागून रात्री इतर घोड्यांना सांगितलेली कहाणी आहे. त्याला माणसांचा एक शब्द काही केल्या समजत नाही, तो म्हणजे 'माझा'. माझा घोडा हे शब्द त्याला माझी हवा, माझे पाणी या शब्दांइतकेच विचित्र वाटतात. ज्याला सर्वजण मालक म्हणतात तो कधी त्याच्यावर बसत नाही, त्याला चारा घालत नाही. जे हे सारे करतात ते मालक नसतात. रशियन टीकाकार श्क्लोव्हस्की यांनी १९१७ मध्ये ओळखीच्या गोष्टी अनोळखी करून दाखवण्याच्या कलेविषयी लिहिताना हेच उदाहरण घेतले. म्हणजे येथे घोडा माणसाचे काम करतो हे खरे, पण ते काम माणसाला उघडे पाडण्याचे आहे. कथेच्या शेवटी घोड्याला मारतात. त्याचे कातडे, मांस, हाडे सारे कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडते. त्याच्या एके काळच्या दिमाखदार मालकाचा देह मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

आता या 'माझा' शब्दाशेजारी दोस्तोएव्हस्कीच्या 'अपराध आणि शिक्षा' (१८६६) मधले ते स्वप्न ठेवा. कादंबरीचा नायक रस्कोल्निकोव्ह स्वप्नात सात वर्षांचा होऊन बापाचे बोट धरून चालला आहे. दारू प्यालेला मिकोल्का एका मरतुकड्या घोडीला अवजड गाडीला जुंपतो, गाडीत माणसे कोंबतो आणि ती ओढू शकत नाही म्हणून तिला डोळ्यांवर चाबकाचे फटके मारतो, शेवटी लोखंडी पहारीने ठार करतो. कोणी अडवले की तो एकच ओरडतो : माल माझा आहे. लहान मुलगा त्या मेलेल्या घोडीच्या तोंडाचे मुके घेतो. हे स्वप्न पुढे त्याच्याच हातून होणाऱ्या खुनाची पूर्वछाया आहे, म्हणजे बाईंच्या भाषेत घोडीला कथानकासाठी राबवले आहे. तरीही ती पाने मला पुन्हा वाचवत नाहीत, आणि न वाचवण्याचे कारण रस्कोल्निकोव्ह नाही, घोडी आहे. जनावर रूपक म्हणून आणले तरी ते पुरेशा प्रामाणिकपणे पाहिलेले असेल तर रूपकाच्या बाहेर येऊन उभे राहते. माझे उत्तर असे, की लेखकाचा हेतू काय होता याऐवजी त्याने किती वेळ आणि किती जवळून पाहिले हे विचारावे.

आपल्याकडेही जनावरासाठी 'धन' हा शब्द आहे. पशुधन, गोधन. आपण तो आदराने उच्चारतो. मिकोल्कानेही दुसरे काय म्हटले होते?

---

वेशीबाहेर

चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट कोणीच बोलत नाही म्हणून बोलतो. आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत जनावर मेले की कथा संपते. आमच्याकडे जनावर मेले की कथा सुरू होत असे.

'महेश'मध्येही बैल मेल्यावर कातडे काढणारे लोक येतात. वाचक त्यांच्याकडे बघत नाहीत, कारण डोळे गफूरवर असतात. मराठीत त्या लोकांच्या बाजूने लिहिले गेले ते दलित आत्मकथनांत. गावाने ज्या गाईला आई म्हटले, तिला मेल्यावर हात लावायला गाव तयार नव्हते; ते काम महारांवर ढकलले होते आणि ते केले म्हणून पुन्हा त्यांनाच विटाळाचे ठरवले होते. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मेलेल्या जनावराचे मांस आणि त्याभोवतीचे महारवाड्यातले जगणे आले आहे. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, त्याला जो अर्थ होता तो ही पुस्तके वाचल्याशिवाय कळत नाही. तेव्हा 'माणूस जनावराशी कसा वागतो' हा प्रश्न विचारताना 'कोणता माणूस' हे विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जनावराची पूजा आणि जनावराचे ओझे ही दोन कामे आपल्या समाजाने वेगवेगळ्या जातींना वाटून दिली होती. औतकाठी, आपण म्हणता की मारणारा आणि चोळणारा हात एकच होता. मान्य. पण ओढून नेणारा हात तिसराच होता.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या आत्मकथनात (१९८०) गाढवे आहेत. कैकाडी या भटक्या जमातीचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर गावोगाव फिरते. त्या गाढवांवर कोणी गोड लिहिलेले नाही. त्यांच्या पाठीवर लादतात आणि हाणतातही. पण गावात मुक्काम कुठे करायचा, कोणाच्या शेतात गाढव शिरले तर मार कोणाला बसणार, हे प्रश्न गाढवाचे आणि माणसाचे एकत्रच असतात. एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजले ही कथा शाळेत शिकवतात आणि ती मलाही प्रिय आहे. त्या गाढवाचा मालक कोण होता आणि तोही तहानलेला होता का, असा प्रश्न 'उपरा' वाचल्यावर मला प्रथम पडला.

आणखी एक. प्रेमचंदांच्या 'दो बैलों की कथा'मध्ये (१९३१) हिरा आणि मोती हे बैल कोंडवाड्यात सापडतात. मोती शिंगांनी भिंत पाडतो, घोड्या, बकऱ्या, म्हशी पळून जातात, पण हिरा दोराने बांधलेला असल्यामुळे मोती त्याला सोडून जात नाही. ही कथा स्वातंत्र्यलढ्याचे रूपक म्हणून शिकवतात. दया पवारांच्या १९७४ च्या कवितासंग्रहाचे नाव 'कोंडवाडा' आहे. मोकाट गुरे अडकवून ठेवण्याच्या जागेचे नाव एका कवीला आपल्या माणसांच्या जगण्यासाठी जसेच्या तसे वापरता येते, यात रूपक किती आणि वर्णन किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तरी तिथे अलंकार दिसत नाही.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. 'वेशीबाहेर' यांचा मुद्दा मंडळाच्या चर्चेत कोणाच्याही मनात आला नव्हता, याची थोडी लाजही वाटली. कातडे काढायला आलेल्यांचे ते वाक्य मी काल पुन्हा काढून वाचले.

'तळटीप' यांच्या कसोटीविषयी मात्र एक शंका आहे. जवळून पाहणे हीच कसोटी मानली तर व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' सर्वांत वरची ठरावी, कारण वानरांच्या टोळीतला सत्तेचा संघर्ष, नव्या नराने केलेली पिलांची हत्या, हे सारे तिथे अतिशय बारकाईने येते. परंतु ती वाचताना मला सतत माणसांचे राजकारण आठवत राहिले. लेखकाने प्रामाणिकपणे वानरेच पाहिली आणि मी वाचक म्हणून त्यांच्या अंगावर माणसांचे कपडे चढवले. मग रूपक करणारा मीच झालो ना?

---

निवृत्त पशुवैद्य

मी साहित्याचा अभ्यासक नाही. चौतीस वर्षे जनावरांच्या दवाखान्यात काढली आणि वाचनाची आवड आहे, एवढ्या अधिकारावर लिहितो आहे. कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या शंकेचे उत्तर माझ्याकडे नाही, पण साहित्याने काय पाहिले याबरोबर काय पाहिले नाही हेही विचारात घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

मराठी साहित्यात बैल आहे, गाय आहे, मेंढरे आहेत, कुत्रे आहे. 'श्यामची आई'मधली मोरी गाय कोणाला आठवत नाही? पोळ्यावर तर कविताच कविता आहेत. त्यांतली एक तर शाळेच्या पुस्तकातच होती, एक दिवस सण आणि उरलेले वर्षभर ओझे असे स्पष्ट सांगणारी. बैलाच्या कष्टांविषयी आपले साहित्य मुके नाही. तरीही बैल 'बैल' होतो कसा, हे त्यात फारसे नसते. वेसण घालताना नाकाचा पडदा टोचतात. खोंड बडवतात, म्हणजे खच्ची करतात, तेव्हा काय करतात, हे जुन्या पिढीतल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. दगड आणि लाकूड यांनी तासन्‌तास चालणारे ते काम खच्चीकरणाचा बर्डिझो चिमटा आल्यावर काही क्षणांवर आले. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला लोक चिमटा लावून घ्यायला नाखूश असत, 'त्यानं बैल नीट होत नाही' म्हणत. भूल हा शब्द तर कोणी काढतच नसे. यावर लिहिणे अवघड आहे हे मी समजू शकतो. ते रोजचे आहे, त्यात खलनायक नाही, आणि करणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

पण माझी खरी तक्रार रेडकाविषयी आहे. म्हैस व्याली आणि रेडी झाली तर घरात आनंद होतो. रेडा झाला तर त्याचा उपयोग काय? पूर्वी काही भागांत रेडे औताला किंवा पाणी वाहायला चालत, आता तेही नाही. मग त्याला मारत नाहीत. त्याला फक्त दूध देत नाहीत. म्हैस पान्हवण्यापुरते त्याला कासेला लावतात आणि लगेच ओढून बाजूला बांधतात. माती चाटू नये म्हणून तोंडाला मुसके. महिना-दीड महिन्यात ते आपोआप जाते. ते मेल्यावर म्हैस आटू नये म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यासमोर उभे करतात आणि ती त्याला चाटत पान्हा सोडते. मी असे किती गोठे पाहिले असतील याची गणती नाही. एकदा एका बाईंनी मला म्हैस दाखवायला बोलावले होते. म्हैस ठणठणीत होती. कोपऱ्यात पडलेल्या रेडकाची पापणी हलत होती. मी त्याला सलाईन लावू लागलो तेव्हा त्या अगदी सौजन्याने म्हणाल्या, 'डॉक्टर, त्याचं कशाला, औषध वाया जाईल.' त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मला त्याच म्हशीच्या दुधाचा चहा दिला आणि मी तो घेतला.

महादेवी वर्मांनी 'गौरा'मध्ये गाईला गुळातून सुई चारणाऱ्या गवळ्याची हकीकत लिहिली. तिथे स्वार्थ आणि कपट आहे, म्हणून ती लिहिता येते. मुसके बांधलेल्या रेडकाच्या बाबतीत कपटही नाही. वर एका सदस्यांनी पैठणच्या रेड्याचे वळ कोणी लक्षात ठेवले नाहीत असे लिहिले आहे. त्या रेड्याला निदान वाढू तरी दिले होते.

बैलाचेही आता बदलते आहे, त्याचीही नोंद कोणीतरी घ्यावी. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे. थकलेला बैल बाजारात खपत नाही, वैरण परवडत नाही. मग रात्री एखाद्या लांबच्या फाट्यावर नेऊन त्याचे दावे सोडतात. औतकाठी यांच्या वडिलांनी दावे घरी आणले होते. हे लोकही आणतात.

---

औतकाठी

डॉक्टरसाहेब, आपला प्रतिसाद वाचून रात्री आईला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. आपल्या गोठ्यात किती जनावरे होऊन गेली असे विचारले. तिने बैलांच्या सगळ्या जोड्या नावानिशी सांगितल्या, कोणता कुठल्या बाजारातून आणला, कोणाचा खांदा आला होता, कोण मारका होता. म्हशीही सांगितल्या. मी विचारले, 'आणि रेडकं गं?' ती म्हणाली, 'रेडी असली तर ठेवायचो की.' मी म्हणालो, 'आणि रेडा असला तर?'

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'त्यांना नावं नव्हती,' आणि तिकडे पाऊस कसा आहे ते विचारू लागली.